शाळेच्या संकेतस्थळाचे स्थलांतर : दोष ओळखणे व दूर करणे

शाळा जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जावयाची असली, म्हणजे अनुभवी मुख्याध्यापक प्रथम वाहन शोधीत नाहीत. ते प्रथम यादी करतात. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, डेडस्टॉक रजिस्टर, नकाशे, कपाटांच्या किल्ल्या ह्यांची नोंद होते. नव्या जागी प्रत्येक वस्तू त्या नोंदीशी ताडून पाहिली जाते. सर्व जुळले म्हणजे मगच जुन्या खोल्यांचा चार्ज दिला जातो. ह्या क्रमात उलटापालट झाली, तर वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला मागण्यास पालक आले असता कपाट सापडते, पण रजिस्टर सापडत नाही.

आता पुष्कळ शाळांची स्वतःची संकेतस्थळे झाली आहेत. त्यांवर प्रवेशाच्या सूचना, शिष्यवृत्ती परीक्षेची माहिती, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि मुलांनी लिहिलेले निबंध व कविता असतात. ज्या संगणकावर हे सर्व ठेवलेले असते त्यास सर्व्हर म्हणतात, व त्यावरील जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायास होस्टिंग म्हणतात. भाडे वाढले, जागा अपुरी पडली किंवा ती सेवाच बंद होऊ लागली, म्हणजे संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवावे लागते. हे काम बहुधा शाळेतील संगणकाची आवड असलेल्या एखाद्या शिक्षकाकडे येते. त्यात येणाऱ्या अडचणी वरवर पाहता असंख्य वाटतात. परंतु त्या ओळखण्याची एक रीत आहे, आणि ती रीत मुख्याध्यापकांच्या यादीहून फारशी वेगळी नाही.

हलवावयाच्या चार वस्तू

संकेतस्थळ ही एक वस्तू नसून चार वस्तूंचा मेळ आहे. पहिली वस्तू म्हणजे पत्ता, म्हणजेच डोमेन नाव व ते कोणत्या सर्व्हरकडे जाते ह्याची नोंद. दुसरी, फाइली : छायाचित्रे, परिपत्रके आणि पाने तयार करणारा प्रोग्रॅम. तिसरी, डेटाबेस : लेख, सूचना व नावे ज्या कोष्टकांत साठविलेली असतात तो संग्रह. चौथी, सुरक्षा प्रमाणपत्र, ज्याच्या आधारे ब्राउझर हे स्थळ खरे असल्याची खात्री करून घेतो. ह्या चारही वस्तू निरनिराळ्या मार्गांनी नव्या जागी जातात. म्हणून स्थलांतरानंतर काही बिघडले, तर ‘संकेतस्थळ बिघडले’ असे न म्हणता ह्या चारांपैकी कोणती वस्तू वाटेत राहिली, असा प्रश्न करावा. प्रश्न असा विभागला म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे.

हलविण्यापूर्वीची तयारी

जुन्या सर्व्हरवरील सर्व फाइलींची व डेटाबेसची प्रत काढून ती सर्व्हरखेरीज अन्यत्र, म्हणजे शाळेतील संगणकावर व एखाद्या बाह्य डिस्कवर ठेवावी. त्याबरोबर मोजदादीचा एक कागद करावा. फाइलींची एकूण संख्या, त्यांनी व्यापलेली जागा, डेटाबेसमधील कोष्टके व प्रत्येक कोष्टकातील नोंदींची संख्या, आणि निरनिराळ्या विभागांतील दहा पानांचे पत्ते त्यावर लिहावेत. पुढे वाद वा शंका उत्पन्न झाल्यास हाच कागद निवाडा करतो.

डेटाबेसच्या प्रतीत विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व पालकांचे दूरध्वनी क्रमांक असू शकतात. घाईत ही प्रत सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवली जाते व तेथेच विसरली जाते. मग तिचा पत्ता ताडणारा कोणीही ती उतरवून घेऊ शकतो. अशी प्रत सार्वजनिक फोल्डरमध्ये एक तासही ठेवू नये.

डेटाबेसची अंतिम प्रत काढल्यापासून नवे स्थळ चालू होईपर्यंत जुन्या स्थळावर नवीन मजकूर घालणे बंद ठेवावे. तसे न केल्यास त्या मधल्या वेळातील सूचना जुन्या घरी राहतात आणि त्या कोणाच्याच लक्षात येत नाहीत. म्हणून दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीतील दिवस निवडावा. प्रवेशाचा हंगाम निवडू नये.

पहिला प्रश्न : पान कोठून आले?

पत्ता वळविल्यानंतर पुष्कळांना जुनेच पान दिसत राहते व ते गोंधळून जातात. डोमेन नावांची जी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी १९८३ साली आखली, तिचे कार्य समजून घेतल्यास हा गोंधळ राहत नाही. एखाद्या नावाचा सर्व्हर कोणता हे एकदा विचारून घेतले, म्हणजे मधले संगणक ते उत्तर ठराविक मुदतीपर्यंत स्वतःजवळ ठेवतात. ही मुदत सेकंदांत लिहिलेली असते व ती पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असते. नवा पत्ता ‘पसरण्यास’ वेळ लागतो असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः काहीच पसरत नसते. जुन्या उत्तरांची मुदत संपण्याची वाट पाहावी लागते, एवढेच. म्हणून स्थलांतरापूर्वी किमान दोन दिवस ही मुदत ३०० सेकंदांवर आणून ठेवावी. काम स्थिर झाल्यावर ती पुन्हा वाढवावी.

आपण जुन्या घरी आहोत की नव्या, हे ओळखण्याचा सोपा उपाय असा. केवळ नव्या सर्व्हरवर ‘नवे घर’ एवढे दोन शब्द असलेली एक साधी मजकूर-फाइल ठेवावी व तिचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडावा. फाइल दिसली तर उत्तर नव्या सर्व्हरकडून येत आहे. न दिसली तर अद्याप जुन्याकडून. ही परीक्षा केल्यावाचून कोणतीही दुरुस्ती हाती घेऊ नये. नव्या सर्व्हरवर दुरुस्ती करावयाची आणि जुन्याचे पान पाहत बसावयाचे, ह्यात कित्येकांचे दिवस गेले आहेत.

पत्ता वळविण्यापूर्वीच नवे स्थळ पाहण्याचीही सोय आहे. प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ नावाची एक लहान फाइल असते. तीत नव्या सर्व्हरचा क्रमांक व डोमेन नाव लिहिले, म्हणजे त्या एका संगणकापुरते ते नाव नव्या घराकडे वळते व बाकी सर्वांना जुनेच स्थळ दिसत राहते. दोष येथेच शोधून घ्यावेत आणि काम झाल्यावर ती ओळ आठवणीने पुसून टाकावी.

लक्षणावरून दोष

डेटाबेसशी जोडणी होत नाही असा संदेश आला, तर बहुधा फाइली पोचल्या आहेत, पण त्यांजवळ नव्या कपाटाची किल्ली नाही असे समजावे. डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड व डेटाबेस जेथे आहे तो पत्ता ह्या चार गोष्टी एका मांडणीच्या फाइलीत लिहिलेल्या असतात. कित्येक सेवा डेटाबेसच्या नावाआधी खात्याचे नाव जोडतात. म्हणून जुने नाव नव्या जागी जसेच्या तसे चालत नाही.

मुखपृष्ठ उघडते, पण आतील प्रत्येक पानावर ४०४ हा क्रमांक येतो, हे दुसरे लक्षण. ह्याचा अर्थ पाने हरवली असा बहुधा नसतो. सुबक पत्त्यांवरून योग्य पान शोधण्याचे नियम ज्या फाइलीत असतात, तिचे नाव पुष्कळ सर्व्हरांवर टिंबाने सुरू होते. अशा फाइली लपलेल्या असल्याने नक्कल करताना त्या सुटून जातात. लपलेल्या फाइली दाखविण्याची आज्ञा देऊन ती फाइल जुन्या जागेवरून आणावी.

काही छायाचित्रे दिसतात व काही दिसत नाहीत, असे झाल्यास नावांतील रोमन अक्षरे तपासावीत. विंडोज सर्व्हर मोठी व लहान अक्षरे सामान्यतः एकच मानतो; लिनक्स ती भिन्न मानतो. पानात लहान अक्षरांत लिहिलेले नाव व फाइलीचे मोठ्या अक्षरांतील नाव जुन्या जागी जुळत होते, ते नव्या जागी जुळत नाही. अशा वेळी छायाचित्र पुन्हा चढविण्याची गरज नसून नावे एकसारखी करण्याची गरज असते.

४०३ हा क्रमांक मनाई दर्शवितो. फाइल आहे, परंतु ती वाचण्याची परवानगी सर्व्हरला नाही. सामान्यतः फाइलींना ६४४ व फोल्डरांना ७५५ ही परवानगी योग्य ठरते. त्रासून ७७७ देण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याने दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पण त्या सर्व्हरवर वावरणाऱ्या इतरांनाही त्या फाइलींत लिहिण्याची मुभा मिळते. शाळेच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून कपाटच कायमचे उघडे ठेवावे, तशातला हा प्रकार होय.

पान कोरे येते किंवा ५०० हा क्रमांक येतो, तेव्हा प्रोग्रॅम मध्येच थांबलेला असतो. त्याचे कारण सर्व्हरच्या दोषनोंदवहीत लिहिलेले असते. तर्क करीत बसण्यापेक्षा तिची शेवटची ओळ वाचावी. पीएचपी भाषेत लिहिलेल्या जुन्या स्थळांत एक कारण विशेष आढळते. डेटाबेसशी बोलण्याची जी जुनी आज्ञावली पूर्वी प्रचारात होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. त्यापूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर म्हणूनच मूक होतो. जुनी आवृत्ती काही दिवस वापरता आली, तरी तो तात्पुरता आधार समजावा व प्रोग्रॅम सुधारून घ्यावा.

ब्राउझरने ‘सुरक्षित नाही’ असे म्हटले, तर प्रमाणपत्र नव्या सर्व्हरवर बसविले आहे काय, ते पाहावे. जुन्या घराचे प्रमाणपत्र आपोआप सोबत येत नाही. प्रमाणपत्र असूनही तक्रार राहिली, तर पानातील छायाचित्रांचे पत्ते जुन्या, असुरक्षित पद्धतीचे आहेत असे समजावे. ते पत्ते डेटाबेसमध्ये बदलावे लागतात. परंतु साध्या शोध-व-बदल आज्ञेने बदलू नयेत. वर्डप्रेस ह्या २००३ साली सुरू झालेल्या प्रणालीत काही मांडणी साठविताना मजकुराबरोबर त्याची लांबीही लिहून ठेवलेली असते. पत्त्यात एक अक्षर वाढले व लांबीचा आकडा तोच राहिला, तर ती मांडणी निरुपयोगी होते. ह्यासाठी लांबीचा आकडाही सुधारणारी साधने मिळतात, तीच वापरावीत.

शाळेच्या नावाने येणारे ईमेल बंद झाले, हा दोष सर्वांत उशिरा ध्यानात येतो, कारण न आलेले पत्र कोणास दिसत नाही. डोमेन नावाची सर्व व्यवस्था नव्या सेवेकडे सोपविताना संकेतस्थळाची नोंद केली जाते, पण टपाल कोठे पोचवावे ही स्वतंत्र नोंद करावयाची राहून जाते. म्हणून जुन्या व्यवस्थेतील प्रत्येक नोंद आधी उतरवून घ्यावी. स्थलांतराच्या दिवशी बाहेरील खात्यावरून शाळेस एक पत्र पाठवावे, व शाळेकडून एक उत्तर धाडून ते पोचल्याची खात्री करून घ्यावी.

मराठी मजकूर बिघडला असता

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत सर्वांत हानिकारक दोष निराळाच आहे. फाइली पोचतात, पाने उघडतात, पण मराठी अक्षरे दिसत नाहीत. येथे तीन प्रकार नीट वेगळे केले पाहिजेत, कारण एकात मजकूर सुखरूप असतो व दुसऱ्यात तो नष्ट झालेला असतो.

युनिकोड पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षराला व मात्रेला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि यूटीएफ-८ ह्या लेखनरीतीत तो क्रमांक तीन बाइटांत लिहिला जातो. ‘शाळा’ ह्या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे आहेत. म्हणून तो शब्द १२ बाइटांचा होतो. हेच १२ बाइट एखाद्या प्रोग्रॅमने रोमन लिपीची एक-बाइटी अक्षरे समजून वाचले, तर शब्दाच्या जागी विचित्र चिन्हांची माळ उमटते, आणि तीत डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ हे अक्षर वारंवार येते. हा पहिला प्रकार. ह्यात बाइट शाबूत असतात, केवळ वाचन चुकलेले असते.

असे का घडते? मायएसक्यूएल ह्या डेटाबेसमध्ये वेगळे काही सांगितले नसल्यास कोष्टके ‘लॅटिन-१’ ह्या रोमन पद्धतीची बनत असत. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत ही रीत बदलली. जुनी कित्येक मराठी स्थळे अशा रोमन कोष्टकांतच मराठी बाइट ठेवीत होती. ठेवणारा प्रोग्रॅम ‘हे रोमन आहे’ असे सांगे, आणि काढणाराही तेच सांगे. दोन चुका एकमेकींना झाकीत होत्या व पान बरोबर दिसत होते. स्थलांतरात एक बाजू खरे बोलू लागते आणि झाकलेली चूक उघडी पडते. ह्यावर उपाय असा की, जुन्या सर्व्हरवरून प्रत पुन्हा काढावी व ती काढताना कोणतेही रूपांतर होऊ देऊ नये. नव्या सर्व्हरवर घालताना मात्र तो मजकूर यूटीएफ-८ आहे असे स्पष्ट सांगावे. बिघडलेली पाने एकेक उघडून हाताने सुधारू नयेत. तसे केल्यास काही पाने एका रीतीची व काही दुसऱ्या रीतीची होतात आणि पुढील दुरुस्ती फार कठीण होते.

दुसरा प्रकार म्हणजे अक्षरांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांची रांग. डेटाबेसमधील नोंदीतच ही प्रश्नचिन्हे असतील, तर रोमन कोष्टकाला ते मराठी अक्षर ठेवता आले नाही व त्याने त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले, असा त्याचा अर्थ. त्या प्रतीतून मूळ मजकूर कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही. तो फक्त जुन्या सर्व्हरवरून वा आधीच्या प्रतीतून मिळू शकतो. जुने होस्टिंग त्याच दिवशी बंद केले असेल आणि दुसरी प्रत नसेल, तर मुलांचे निबंध कायमचे गेले.

तिसरा प्रकार युनिकोडपूर्व स्थळांचा. त्यात मूळ मजकूर रोमन संकेतांत असून त्यावर विशिष्ट फाँटाने देवनागरी रूपाचे कपडे चढविलेले असत. तो फाँट सोबत आला नाही, म्हणजे कपडे उतरतात व खालची रोमन अक्षरे दिसतात. येथे प्रथम फाँटाची फाइल आणावी, आणि नंतर सवडीने तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

नव्या जागी कोष्टके ‘यूटीएफ-८-एमबी-४’ ह्या पद्धतीची ठेवावीत. मायएसक्यूएलमधील नुसती ‘यूटीएफ-८’ ही जुनी पद्धत तीन बाइटांपर्यंतची अक्षरेच ठेवू शके. देवनागरीस ती पुरत असली, तरी लेखात एखादे चार-बाइटी भावचिन्ह आले, तर तेथून पुढचा मजकूर कापला जाण्याचा संभव असे. परीक्षेसाठी ‘ज्ञान, सूर्य, वऱ्हाड, तळे’ असे जोडाक्षरे, रफार व ळ असलेले शब्द एका पानात लिहावेत, साठवावेत व पुन्हा उघडून पाहावेत. मुखपृष्ठ चांगले दिसले म्हणून समाधान मानू नये. सर्वांत जुना लेख उघडून पाहावा.

जुने घर केव्हा सोडावे?

मोजदादीचा कागद येथे पुन्हा हाती घ्यावा. फाइलींची संख्या, नोंदींची संख्या व निवडलेली दहा पाने नव्या जागी ताडून पाहावीत. पानांचे पत्ते शक्यतो बदलू नयेत. बदललेच, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास नव्या पत्त्याकडे कायमचे वळविण्याची सोय करावी. पालकांनी जपून ठेवलेला दुवा उघडला नाही, तर त्यांच्या दृष्टीने ते पान नाहीसेच झालेले असते. सर्व जुळल्यानंतरही जुने होस्टिंग किमान एक महिना चालू ठेवावे. ते भाडे वाया गेले असे समजू नये.

मोठ्या संस्थांनाही ही काळजी न घेतल्याचे फळ भोगावे लागले आहे. मायस्पेस हे अमेरिकेतील एके काळचे अत्यंत लोकप्रिय संकेतस्थळ. सर्व्हर-स्थलांतराच्या कामात तेथील जुन्या ध्वनिफिती, छायाचित्रे व चित्रफिती नाहीशा झाल्याचे २०१९ च्या मार्चमध्ये जगजाहीर झाले. २००३ ते २०१५ ह्या काळात लोकांनी तेथे ठेवलेली ५ कोटींहून अधिक गाणी गेली, असा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ४ लाख ९० हजार गाणी पुढे इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेने लोकांस खुली केली. ती वाचली ह्याचे कारण एवढेच की, काही संशोधकांनी २००८ ते २०१० च्या दरम्यान आपल्या अभ्यासासाठी त्यांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. मूळ मालकाजवळ राहिले नाही, ते परक्याजवळच्या प्रतीमुळे राहिले.

शाळेच्या संकेतस्थळाची प्रत असा परका मनुष्य काढून ठेवील, अशी अपेक्षा करता येणार नाही. चौथीतल्या मुलीने पावसावर लिहिलेल्या चार ओळी जगात त्या एकाच जागी असण्याचा संभव असतो. स्थलांतर करणाऱ्या शिक्षकाने म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत नोंदवावा, त्याचा परिणाम पाहावा व मगच पुढचा बदल करावा. घाई झाली, तर जुन्या घराची किल्ली हाती आहे तोवर चूक सुधारता येते. ती किल्ली शेवटी द्यावी.